एदुआर माने याची अखेरची पुष्पचित्रे

एदुआर माने याची अखेरची पुष्पचित्रे म्हणजे फ्रेंच चित्रकार एदुआर माने (२३ जानेवारी १८३२ – ३० एप्रिल १८८३) याने १८८२ मध्ये आणि १८८३ च्या आरंभीच्या महिन्यांत पॅरिस येथे रंगवलेल्या, काचेच्या फुलदाण्यांमधील फुलांच्या लहान तैलचित्रांचा समूह होय. या समूहात सामान्यतः सोळा चित्रे धरली जातात. अभ्यासकांच्या मोजणीत थोडाफार फरक आढळतो. गुलाब, पांढरा लायलॅक, कार्नेशन, क्लेमॅटिस, पॅन्झी, ट्यूलिप आणि पिओनी ही त्यांतील फुले. पात्र बहुधा स्फटिकासारख्या पारदर्शक काचेचे, क्वचित शँपेनचा साधा पेला. दीर्घ आजारामुळे उभे राहणे व चालणे अशक्य होत गेले, त्या काळात ही चित्रे काढली गेली. त्यामुळे त्यांच्याकडे मृत्यूच्या छायेतील निरोपाची चित्रे म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. तो प्रघात कितपत योग्य, हा या चित्रांच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या चित्रकाराचे नाव महाराष्ट्रात परिचित असलेल्या आडनावासारखे ऐकू येते आणि त्याला विभक्तिप्रत्यय लावताच शरीराच्या अवयवाचा भास होतो. म्हणून या लेखात ‘माने याने’, ‘माने याचे’ अशी रूपे वापरली आहेत. समकालीन चित्रकार क्लोद मोने हा वेगळा. दोघांच्या नावांतील साम्यामुळे त्यांच्या हयातीतही घोटाळे झाले होते.

संज्ञा

निर्जीव किंवा हालचाल न करणाऱ्या वस्तूंची मांडणी समोर ठेवून काढलेल्या चित्राला मराठीत स्थिरचित्र किंवा वस्तुचित्र म्हणतात. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना ही संज्ञा नवी नाही. फ्रेंच भाषेत याच प्रकाराला ‘नात्यूर मॉर्त’, म्हणजे शब्दशः ‘मृत निसर्ग’, असे म्हणतात. डच भाषेतील ‘स्टिलेव्हन’ या शब्दाचा अर्थ ‘निश्चल जीवन’ असा होतो. मराठी शब्दात मृत्यूही नाही आणि जीवनही नाही, केवळ स्थैर्य आहे. प्रस्तुत चित्रांबाबत हा भेद निव्वळ भाषिक राहत नाही, कारण देठापासून कापलेले आणि तरीही पाण्यात उमलत राहणारे फूल मृत म्हणावे की जिवंत, हा प्रश्न चित्रांच्या विषयातच आहे.

पूर्वपीठिका

काचेच्या पात्रातील फुलांचे चित्र हा स्वतंत्र प्रकार म्हणून सतराव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये रूढ झाला. आंब्रोसियस बॉसखार्ट (थोरला) याने १६२१ मध्ये, म्हणजे आपल्या मृत्यूच्याच वर्षी, तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेला काचेच्या फुलदाणीतील पुष्पगुच्छ वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. पुढे यान डाव्हिड्स डे हेम आणि राखेल राउश (१६६४–१७५०) यांनी हा प्रकार विलक्षण सफाईपर्यंत नेला. वनस्पतिशास्त्र व शरीररचनाशास्त्र यांचे अभ्यासक फ्रेडरिक राउश हे राखेलचे वडील. पाकळीची शीर, पानावरचा किडा आणि दवाचा थेंब यांच्याकडे पाहण्याची तिची दृष्टी त्या घरात घडली.

या डच गुच्छांचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्यांतील फुले एकाच वेळी फुलत नाहीत. वसंतातील ट्यूलिप आणि उन्हाळ्यातील गुलाब एकाच पात्रात दिसतात, कारण चित्रकार फुलांचे स्वतंत्र अभ्यास करून ठेवीत आणि नंतर त्यांतून गुच्छ रचीत. असा गुच्छ कोणत्याही टेबलावर कधीच उभा नव्हता. गोलाकार काचेच्या पोटावर मात्र अनेकदा चित्रशाळेच्या खिडकीचे इवलेसे प्रतिबिंब दिसते, चौकटीच्या पट्ट्यांसह. कल्पित गुच्छाला खऱ्या खोलीत आणून बसवणारी ही युक्ती पुढे इतकी प्रचलित झाली की, काच रंगवणे म्हणजे खिडकी रंगवणे असेच समीकरण झाले.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात झाँ-सिमेओं शार्दँ याने स्थिरचित्राला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याने काढलेल्या फुलांच्या चित्रांपैकी एकच आज ज्ञात आहे. ते एडिंबरा येथे असून त्यातील पात्र काचेचे नाही. मात्र पाण्याने भरलेला साधा काचेचा पेला त्याने जसा रंगवला तसा फार थोड्यांना साधला. त्याचे तसे एक चित्र पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. फ्रेंच कला अकादमीच्या श्रेणीत इतिहासचित्र सर्वांत वरचे आणि स्थिरचित्र सर्वांत खालचे मानले जाई. माने याच्या पिढीपर्यंत ही उतरंड खिळखिळी झाली असली तरी मोडली नव्हती. त्याचा समकालीन आणि मित्र आंरी फांतँ-लातूर याच्या पुष्पचित्रांना इंग्लंडमध्ये चांगली मागणी होती, तरी सलोंच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रकाराची मोठी कीर्ती ठरे ती मनुष्याकृतींच्या मोठ्या चित्रांवर.

माने आणि स्थिरचित्र

माने याच्या एकूण चित्रांपैकी सुमारे एकपंचमांश स्थिरचित्रे आहेत. ‘गवतावरील न्याहारी’ (१८६३) या वादग्रस्त चित्राच्या डाव्या कोपऱ्यात कलंडलेली टोपली व फळे आहेत, ‘ऑलिंपिया’त (१८६३, प्रदर्शित १८६५) दासीच्या हाती कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ आहे. त्या गुच्छाविषयी एमिल झोला याने १८६७ मध्ये लिहिताना असा युक्तिवाद केला की, चित्रकाराला त्या ठिकाणी उजळ रंगांचे डाग हवे होते म्हणून गुच्छ आला, त्यात गूढार्थ शोधण्याचे कारण नाही. हे मत एकांगी असले तरी माने याच्या पुष्पचित्रांच्या चर्चेत ते आजतागायत ठाण मांडून बसले आहे.

१८६४ च्या सुमारास त्याने पिओनीच्या फुलांची एक मालिका रंगवली. तिच्यातील सर्वांत मोठे चित्र (सुमारे ९३ × ७० सेंमी.) पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. उंच बैठकीच्या अपारदर्शक फुलदाणीत फुले दाटीने भरलेली आहेत, काही मान टाकू लागली आहेत आणि खाली पाकळ्या गळून पडल्या आहेत. त्याच संग्रहालयातील दुसऱ्या एका चित्रात पांढऱ्या पिओनीच्या कापलेल्या फांदीशेजारी बागकामाची कात्री पडलेली दिसते. त्या वेळी माने बत्तीस वर्षांचा आणि धडधाकट होता.

१८८० मधील शतावरीच्या जुडीचा प्रसंग कलेतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. संग्राहक शार्ल एफ्रुसी याने शतावरीच्या कोंबांच्या जुडीचे चित्र ८०० फ्रँकांना ठरवून १,००० फ्रँक पाठवले. तेव्हा माने याने एकाच कोंबाचे आणखी एक छोटे चित्र रंगवून धाडले आणि तुमच्या जुडीतला एक कोंब कमी पडला होता, असे कळवले. जुडीचे चित्र आज कोलोन येथे व एकाकी कोंब ऑर्से संग्रहालयात आहे. लहान आकाराचे, एका बैठकीत पुरे होणारे आणि भेट म्हणून देता येणारे स्थिरचित्र हा त्याच्या अखेरच्या वर्षांतील व्यवहार या प्रसंगातून चांगला कळतो.

आजार

१८७० च्या दशकाच्या अखेरीस माने याच्या डाव्या पायात तीव्र वेदना सुरू झाल्या व हळूहळू चालण्यावरील ताबा सुटत गेला. हा विकार उपदंशाच्या दीर्घकालीन परिणामातून मज्जारज्जूला होणारा, टेबीस डॉर्सालिस या नावाने ओळखला जाणारा विकार असल्याचे मानले जाते. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. १८८० चा उन्हाळा त्याने पॅरिसजवळील बेलव्ह्यू येथे जलोपचार घेत काढला. तेथून मित्रमैत्रिणींना धाडलेल्या पत्रांच्या कडांवर त्याने जलरंगात फळे व फुले चितारली आहेत. १८८१ चा उन्हाळा व्हर्सायला आणि १८८२ चा र्‍यूएय येथे गेला. वेदना शमवण्यासाठी तो राय धान्यावरील अर्गट बुरशीपासून केलेले औषध घेत असे. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे त्याच्या अतिसेवनाने पायाची स्थिती अधिकच बिघडली असावी, असे अनेक चरित्रकारांचे मत आहे.

या अवस्थेत त्याने आपले अखेरचे मोठे चित्र ‘फोली-बेर्जेरमधील मद्यालय’ पुरे केले आणि ते १८८२ च्या सलोंमध्ये मांडले. चित्र सुमारे ९६ × १३० सेंमी. आहे. त्या नाट्यगृहात काम करणारी तरुणी त्याच्या चित्रशाळेत येऊन संगमरवरी फळीमागे उभी राही. सध्या लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत असलेल्या या चित्रात, बाटल्या व संत्र्यांच्या पात्राजवळ, पाण्याने भरलेल्या एका पेल्यात दोन गुलाब ठेवलेले आहेत. चित्राच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटतात, पण पुढील वर्षभराचे सारे काम त्या पेल्यात बीजरूपाने आहे. ते दोन गुलाब उचलून वेगळ्या कॅनव्हासवर ठेवले तर अखेरच्या मालिकेतले एक चित्र तयार होईल.

मोठ्या चित्रासाठी उभे राहावे लागते, मागे सरून पाहावे लागते, पुन्हा पुढे यावे लागते. ही ये-जा आता त्याला झेपत नव्हती. घोडेस्वार स्त्रीचे एक चित्र त्याने हाती घेतले होते, ते अपुरे राहिले. तैलरंगापेक्षा कमी श्रमाच्या पेस्टलमध्ये तो व्यक्तिचित्रे काढू लागला. खुर्चीत बसून, हात लांबवताच चारही कोपरे गाठता येतील एवढा कॅनव्हास तैलचित्रासाठी उरला. भेटीस येणारे फुले आणत. त्यांत मेरी लोराँ हिचे नाव विशेषत्वाने घेतले जाते. माने याच्या ‘शरद’ या चित्रासाठी तीच बसली होती. ती आपल्या दासीकरवीही त्याला फुले पाठवी. भेटीत आलेली फुले पेल्यात किंवा फुलदाणीत ठेवली जात आणि पुष्कळदा तीच रंगवली जात.

चित्रांचे स्वरूप

ही चित्रे अनपेक्षितपणे लहान आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधील चित्र जेमतेम ३३ × २५ सेंमी. आहे, म्हणजे शाळेच्या चित्रकलावहीच्या पानाएवढे. ऑर्से संग्रहालयातील ‘स्फटिकपात्रातील कार्नेशन व क्लेमॅटिस’ सुमारे ५६ × ३५ सेंमी., तर बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील पांढऱ्या लायलॅकचे चित्र सुमारे ५४ × ४२ सेंमी. आहे. पात्र जवळजवळ मध्यभागी, टेबलाची कड आडवी, मागे एकच रंगच्छटा. डच चित्रांतली फुलपाखरे, गोगलगायी, घड्याळे, पक्ष्यांची घरटी येथे नाहीत. खिडकीचे प्रतिबिंबही नाही. काचेच्या पलीकडे कोणती खोली आहे, याचा काहीही मागमूस लागू दिलेला नाही.

फुले ऋतूनुसार आहेत, परंतु हा ऋतू रानातला नसून पॅरिसच्या फुलबाजारातला आहे. हिवाळ्यात उष्णगृहात, अंधारात वाढवून फुलवलेला पांढरा लायलॅक त्या शहरात विकत मिळे. त्यामुळे बागेत एकही फूल नसताना रुग्णाच्या टेबलावर लायलॅकचा घोस असू शके. क्लेमॅटिस मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. याच प्रजातीतील मोरवेल सह्याद्रीच्या परिसरात पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांनी बहरते. ऑर्सेच्या चित्रातील फुले मात्र मोठ्या, जांभळ्या पाकळ्यांची, बागेत जोपासलेली जात आहे.

अनेक चित्रांत उभट, चौकोनी आकाराचे स्फटिकपात्र वापरलेले दिसते. ही निवड महत्त्वाची आहे. गोल पात्राला एकच अखंड पृष्ठभाग असतो; चौकोनी पात्राला सपाट बाजू आणि कोपरे असतात, आणि कोपऱ्यापाशी दृश्य तुटते.

काच, पाणी आणि देठ

काचेचे पात्र रंगवताना अडचण अशी की, काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. जे दिसते ते तिच्यामागचे, तिच्यातले आणि तिच्यासमोरचे असते. मागची भिंत, आतले पाणी व देठ, समोरून येणारा प्रकाश या तिन्ही गोष्टी एकाच जागी एकमेकांत मिसळून दिसतात. नवशिका चित्रकार काच ‘दाखवण्यासाठी’ तिची बाह्यरेषा काढतो आणि आत निळसर रंग भरतो, त्यामुळे चित्रात काच न येता निळा डबा येतो. अनुभवी चित्रकार आधी पार्श्वभूमी पात्रामधूनही तशीच पुढे नेतो, मग ती कोठे सरकली, कोठे गडद झाली, कोठे उलटली हे टिपतो. पात्राची कड एखाद्या ठिकाणी ठळक तर लगेच पुढे पूर्ण नाहीशी असते. प्रकाशाचे तेजस्वी ठिपके सर्वांत शेवटी येतात आणि ते जितके कमी तितके परिणामकारक ठरतात.

यामागील भौतिकी साधी आहे. हवेतून पाण्यात आणि काचेत शिरताना प्रकाशकिरण वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५ आणि शिसे मिसळलेल्या स्फटिककाचेचा त्याहून काहीसा अधिक असतो. म्हणून पाण्याच्या पातळीपाशी देठ मोडल्यासारखा दिसतो. पाण्याने भरलेले गोल पात्र भिंगाचे काम करते आणि देठ जाड दाखवते. चौकोनी पात्राच्या कोपऱ्याकडून पाहिल्यास एकच देठ दोन बाजूंतून दोनदा दिसू शकतो. पैलू पाडलेल्या काचेत तर त्याचे तुकडेच होतात. शिवाय पात्रातून पार झालेला प्रकाश सावलीच्या मध्यभागी एकवटतो, त्यामुळे काचेच्या सावलीत एक उजळ डाग पडतो. जो चित्रकार ही सावली मातीच्या मडक्यासारखी सर्वत्र सारखी गडद रंगवतो, त्याची काच तेथेच खोटी ठरते.

माने हे सारे मोजूनमापून करीत नाही. पात्राच्या भागात त्याच्या कुंचल्याचे उभे, तुटक फटकारे आहेत: करडे-हिरवे, थंड निळसर, मध्येच उबदार तपकिरी. देठ कोठून कोठे जातो याचा माग काढू गेल्यास तो हरवतो, आणि दोन पावले मागे सरकताच पाण्यात डुंबलेल्या देठांचा जुडगा स्पष्ट दिसू लागतो. काही ठिकाणी कॅनव्हासची मूळ फिकट पूर्वलेपी उघडीच ठेवली आहे आणि तीच पाण्यातील प्रकाशाचे काम करते. टेबलावरचे पांढरे कापड पांढऱ्या रंगाचे नसून फिकट जांभळ्या, निळसर आणि मोतिया छटांचे आहे, परंतु पाहणारा ते पांढरेच मानतो.

रंग ओला असतानाच त्यावर दुसरा रंग लावण्याची पद्धत माने याने सर्वत्र वापरली. येथे तिला पर्यायही नव्हता. पांढऱ्या लायलॅकच्या घोसात शेकडो सूक्ष्म फुले असतात आणि कापलेला लायलॅक फार काळ टवटवीत राहत नाही. एकेक फूल रंगवू लागल्यास अर्ध्या चित्रापूर्वीच घोस मलूल होईल. म्हणून माने घोसाचा एकूण भार पाहतो. सावलीकडील बाजूस हिरवट करडा, उजेडाकडे किंचित पिवळसर पांढरा, आणि अगदी थोड्या जागी जाड, न मिसळलेला शुभ्र रंग असे तीन-चार टप्पे पुरतात. बर्लिनच्या चित्रात मागची पार्श्वभूमी गडद असल्यामुळे हे पांढरे एकदम पुढे येतात. गुलाबाबाबत उलट आहे. तेथे पाकळ्यांच्या वळणांसाठी त्याने कुंचला एकाच झोतात फिरवला आहे आणि रंगाची जाडीच पाकळीची जाडी झाली आहे.

व्यक्तिचित्रे काढताना माने पुन्हा पुन्हा रंग खरवडून नव्याने आरंभ करीत असे, त्याची प्रतिमाने अनेक बैठकींनी कंटाळून जात, अशी त्याची ख्याती होती. या पुष्पचित्रांत तसा झगडा जाणवत नाही. फुले फार वेळ थांबणार नव्हती आणि चित्रकारालाही दीर्घ बैठक शक्य नव्हती. दोघांच्या मर्यादा जुळल्या, असे म्हणता येईल.

अर्थनिर्णयाचे प्रश्न

या चित्रांचे भाष्य दोन दिशांनी झाले आहे. एका मताप्रमाणे ती पाश्चात्त्य कलेतील ‘व्हॅनिटास’ परंपरेचा, म्हणजे ऐहिक सुखाची क्षणभंगुरता सुचवणाऱ्या चित्रांचा, वारसा सांगतात. मरणासन्न चित्रकार, कोमेजणारी फुले, फुटणारी काच, हे सूत्र जुळवायला सोपे आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, जे झोला याच्यापासून चालत आले आहे, विषय हे केवळ निमित्त आहे. खरे चित्र रंगांच्या डागांचे आहे.

पहिल्या मतात एक अडचण आहे. गळलेल्या पाकळ्या, माना टाकलेली फुले, कापणारी कात्री ही नाशाची सर्व चिन्हे १८६४ च्या पिओनी-चित्रांत ठसठशीतपणे आहेत आणि तेव्हा चित्रकार निरोगी होता. १८८२–८३ च्या चित्रांतील फुले मात्र बहुतांशी ताजी, ताठ, भरात आहेत. चरित्रातून चित्राचा अर्थ थेट काढता येत असता तर क्रम उलटा असायला हवा होता. आजाराने चित्रांचा आकार ठरवला, विषय ठरवला, कामाचा वेळ ठरवला. त्याने चित्रांचा भावही ठरवला, हे मात्र चित्रांतून सिद्ध होत नाही.

दुसरे मतही पुरे पडत नाही. केवळ रंगांचे डागच हवे होते, तर अपारदर्शक फुलदाणीने भागले असते आणि कामही सोपे झाले असते. १८६४ च्या चित्रांत पात्र अपारदर्शक होते, त्यामुळे फूल कापलेले आहे हे प्रेक्षक विसरू शकत होता. पारदर्शक पात्रात देठ उघडे पडतात. मुळे नाहीत, फक्त पाणी आहे आणि त्या पाण्यावर फूल काही दिवस टिकणार आहे, हे दिसते. अखेरच्या अनेक चित्रांत पात्राला फुलांच्या तोडीचे स्थान आहे आणि काही ठिकाणी चित्रकाराने सर्वाधिक कुंचलाकाम पाण्याच्या भागात केलेले आढळते. फुलांना तात्पुरते जिवंत ठेवणाऱ्या गोष्टीकडे वळलेले हे लक्ष म्हणजे मृत्यूचे रूपक नव्हे, आणि निव्वळ रंगक्रीडाही नव्हे.

फळे, फुले किंवा ढग यांतूनही चित्रकाराला हवे ते सर्व सांगता येते, अशा आशयाचे उद्गार माने याच्या नावावर सांगितले जातात. ते स्मरणातून नोंदवलेले असल्याने शब्दांवर फार भार देऊ नये.

अखेर आणि नंतर

१८८३ च्या वसंतात माने अंथरुणाला खिळला. डाव्या पायाला कोथ झाल्यामुळे एप्रिलमध्ये राहत्या घरीच तो कापावा लागला. या शस्त्रक्रियेनंतर अकरा दिवसांनी, ३० एप्रिल रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याचे निधन झाले. पॅसी येथील दफनभूमीत त्याचे दफन झाले. मेरी लोराँ दरवर्षी वसंतातला पहिला लायलॅक त्याच्या थडग्यावर वाहत असे, अशी आठवण सांगितली जाते.

जानेवारी १८८४ मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या शासकीय कलाशाळेत त्याच्या चित्रांचे मरणोत्तर प्रदर्शन भरले. त्याच्या सूचीला झोला याने प्रस्तावना लिहिली. ज्या अकादमिक व्यवस्थेने त्याची चित्रे वारंवार नाकारली, तिच्याच वास्तूत हे प्रदर्शन झाले. पुढील महिन्यात ओतेल द्रूओ या लिलावगृहात त्याच्या चित्रशाळेतील चित्रांची विक्री झाली. अखेरच्या पुष्पचित्रांपैकी काही त्याआधीच भेटीदाखल मित्रांच्या घरी गेली होती. पुढच्या काळात ती युरोप, अमेरिका व जपान येथे विखुरली, त्यामुळे सर्व चित्रे एकत्र पाहण्याचा योग सहसा येत नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने ऑगस्ट १८८८ मध्ये, सूर्यफुलांची चित्रे काढण्याच्या सुमारास, भाऊ थिओ याला लिहिलेल्या पत्रात माने याच्या पिओनी-चित्राचा उल्लेख केला आहे. त्यातील जाड रंगलेपन व फुलांचा मोकळा, पूर्ण उमलेला आकार त्याला भावला होता. त्याच वर्षाच्या आरंभी व्हॅन गॉगने आर्ल येथे पेल्यातील पाण्यात ठेवलेली बदामाची फुललेली डहाळी रंगवली. ती अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

विसाव्या शतकात बराच काळ ही चित्रे ‘ऑलिंपिया’च्या चित्रकाराचा विरंगुळा म्हणून दुय्यम मानली गेली. रॉबर्ट गॉर्डन व अँड्र्यू फोर्ज यांच्या १९८६ मधील पुस्तकात त्यांचा स्वतंत्र समूह म्हणून विचार झाला. माने याच्या स्थिरचित्रांना वाहिलेले मोठे प्रदर्शन २०००–०१ मध्ये ऑर्से संग्रहालय आणि बॉल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालय यांनी भरवले. २०१९–२० मध्ये शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट व लॉस एंजेलिसचे गेटी संग्रहालय यांनी त्याच्या अखेरच्या वर्षांवर प्रदर्शन भरवले, त्यात ही पुष्पचित्रे मुख्य दालनांत होती.

वर उल्लेखिलेल्या चित्रांखेरीज या समूहातील काही चित्रे पुढील ठिकाणी आहेत: विल्यम्सटाउन (अमेरिका) येथील क्लार्क कलासंस्थेत फुलदाणीतील मॉस जातीचे गुलाब, डॅलस कलासंग्रहालयात पांढरा लायलॅक व गुलाब, ग्लासगोच्या बरेल संग्रहात शँपेनच्या पेल्यातील गुलाब, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात टेबलाच्या कापडावर ठेवलेले दोन गुलाब. या शेवटच्या चित्रात पात्रच नाही, आणि पाणीही.